पतबाजाराचे संकेत आणि समभागांचा परतावा

कंपनीच्या रोख्यांवरील व्याजदर, कमर्शियल पेपरचे (अल्पमुदतीच्या कर्जपत्रांचे) भाव आणि पतमानांकन यांवरून तिच्या समभागाच्या पुढील परताव्याचा अंदाज बांधण्याची पद्धत. रॉबर्ट मर्टन यांनी १९७४ मध्ये तिला पाया दिला : देणेकऱ्यांचे भागल्यावर उरेल तेवढ्यावरच भागधारकाचा हक्क. मावळात याचे ठळक उदाहरण आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग यांवरील टोलवसुलीचे हक्क आयआरबी या कंपनीने २०२० मध्ये दहा वर्षांहून थोड्या अधिक काळासाठी ८,२६२ कोटी रुपयांना घेतले. एवढ्या रकमा कर्जाशिवाय उभ्या राहत नाहीत. त्यामुळे तळेगाव किंवा वरसोलीच्या नाक्यावर जमणाऱ्या पैशातून आधी व्याज आणि हप्ते जातात, भागधारकाचा नंबर नंतर लागतो. कंपनी कितीही फोफावली तरी कर्ज देणाऱ्याला ठरलेलेच व्याज मिळते, बुडाली तर मात्र मुद्दल जाते. म्हणून धोक्याची चाहूल त्याला आधी लागते. पण असे कर्ज बँकेच्या वहीत राहिले की त्याचा रोजचा भाव कुठे दिसत नाही, आणि संकेतही मुका राहतो.

भाव दिसतो तिथे काय घडते, हे मुंबईच्या दिवाण हाउसिंग या गृहकर्ज कंपनीने दाखवले. २१ सप्टेंबर २०१८ रोजी डीएसपी म्युच्युअल फंडाने तिचे सुमारे ३०० कोटींचे कमर्शियल पेपर ११ टक्क्यांच्या आसपास दराने विकल्याची बातमी पसरली आणि समभाग एका दिवसात ४२ टक्क्यांच्या आसपास घसरला. दीर्घ मुदतीचे मानांकन तेव्हाही सर्वोच्च, म्हणजे ‘एएए’च होते. व्याजदर वाढतील या अंदाजाने विक्री केली, कंपनीच्या पतीविषयी शंका नव्हती, असे फंडाने सांगितले. म्हणजे तो पतीचा संकेत नव्हताच, हा आक्षेप गंभीर आहे. पण विकणाऱ्याचा हेतू काहीही असो, घेणाऱ्याने मागितलेला दर खराच होता. घसरण एका दिवसात आटोपली, मग भाकीत कसले, असेही विचारले जाते. त्या दिवशी ‘स्वस्त’ म्हणून समभाग घेऊन धरून ठेवणाऱ्याच्या हाती काय आले ते पाहावे : जून २०१९ मध्ये कंपनीची देणी थकली, नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केले आणि २०२१ च्या दिवाळखोरी योजनेत भागधारकांच्या वाट्याला शून्य आले.

जास्त जोखमीला जास्त परतावा मिळायला हवा, हा तिसरा आक्षेप. कॅम्पबेल, हिल्शर आणि झिलागी यांच्या २००८ च्या अभ्यासात अमेरिकेतील संकटग्रस्त कंपन्यांचे समभाग उलट कमीच परतावा देताना आढळले. भारतात खरी अडचण वेगळी आहे : बहुतेक रोखे मुदत संपेपर्यंत पडून राहतात, त्यांचा छापील भाव शिळा असतो. कमर्शियल पेपरची मुदत मात्र फार तर एक वर्ष. त्याचे नूतनीकरण करताना कंपनीला पुन्हा बाजारात उभे राहावे लागते. म्हणून मानांकनापेक्षा या नूतनीकरणाचा दर आधी पाहावा.