प्रवासी विमानांचा वेग
प्रवासी विमानांचा वेग विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत झपाट्याने वाढला व नंतर जवळजवळ स्थिरावला. तांत्रिक प्रगती मंदावली आहे काय, या वादात हे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. १९३६ मध्ये सेवेत आलेले डग्लस डीसी–३ विमान ताशी सु. ३०० किमी. वेगाने जाई, ऑक्टोबर १९५८ मध्ये न्यूयॉर्क–पॅरिस मार्गावर आलेल्या बोइंग ७०७ चा वेग ताशी सु. ९०० किमी. होता. बावीस वर्षांत वेग तिप्पट झाला. त्यानंतर मात्र नित्याच्या विमानांच्या वेगात म्हणण्यासारखी भर पडलेली नाही.

पुढची पायरी स्वनातीत म्हणजे ध्वनीहून अधिक वेगाच्या विमानांची, असे त्या काळी गृहीतच धरले गेले. एअर इंडियानेही ब्रिटिश-फ्रेंच काँकॉर्डसाठी मागणी नोंदवून ठेवली होती. ती पुढे सोडून देण्यात आली. रशियन टीयू–१४४ ने (पहिले उड्डाण डिसेंबर १९६८) प्रवासी नेले ते १९७७-७८ मधील सात महिनेच. अमेरिकी काँग्रेसने बोइंगच्या स्वनातीत विमानाचा निधी १९७१ मध्ये थांबविला. काँकॉर्डची सेवा जानेवारी १९७६ मध्ये सुरू झाली व ऑक्टोबर २००३ मध्ये संपली. प्रत्यक्ष सेवेत आली ती अवघी चौदा विमाने.

अडचण कौशल्याची नव्हती. काँकॉर्ड ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडे. परंतु ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा रोध एकाएकी वाढतो आणि तो ओलांडण्यास इंधन फार लागते. सु. १०० प्रवाशांच्या या विमानाच्या टाक्यांत सु. ९५ टन इंधन मावे. १९७३ च्या तेलदरवाढीनंतर हे गणित जमणे कठीण झाले. विमानामागून जमिनीवर आदळणाऱ्या स्फोटासारख्या आवाजामुळे अमेरिकेने त्याच वर्षी भूप्रदेशावरून अशा नागरी उड्डाणांना बंदी घातली.

रॉबर्ट गॉर्डन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० नंतर अमेरिकेतील प्रगतीचा वेग ओसरल्याचे प्रतिपादन केले आहे (२०१६). विमानांच्या बाबतीत ते अंशतःच पटते. मुळात १९५८ पर्यंतची वेगवाढ बरीचशी लष्करी खर्चावर झालेली होती: बोइंग ७०७ चे एंजिन हे बी–५२ या बाँबफेकी विमानाच्या एंजिनाचीच नागरी आवृत्ती होय. पुढे खर्च तिकिटांतून निघणे भाग पडले, तेव्हा संशोधन इंधनबचत, सुरक्षितता व आसनसंख्या यांकडे वळले. बोइंग ७४७ (१९७०) हे त्याचे ठळक फळ. विमानप्रवास मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला तो याच वळणामुळे, वेगामुळे नव्हे. हा सामाजिक बदल काँकॉर्डपेक्षा निश्चितच मोठा. तथापि प्रवाशाचे तास वाचले नाहीत, हेही खरे. जानेवारी २०२५ मध्ये बूम या अमेरिकी कंपनीच्या चाचणी विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला. त्याच वर्षी जूनमध्ये १९७३ ची बंदी उठविण्याचा आदेश अमेरिकी अध्यक्षांनी काढला.