तपकीरकुपी, चिनी मीनाचित्रित

छिंग राजवटीत (१६४४–१९१२) चीनमध्ये तपकीर ठेवण्यासाठी घडवलेली, मुठीत मावणारी कुपी. तिच्या बुचाला तपकीर काढायचा चिमुकला चमचा जोडलेला असतो. तारांच्या कप्प्यांत मीना भरण्याची रीत निराळी. येथे मीन्याच्या रंगांनी कुंचल्याने चित्र काढतात.

कृती : तांब्याच्या कुपीवर आतून-बाहेरून मीना चढवून भाजतात. आतला थर नसेल तर निवताना बाहेरचा तडकण्याची भीती असते. मग पांढऱ्या भूमीवर रंगीत काचेची पूड कालवून चित्र काढतात आणि कुपी पुन्हापुन्हा भट्टीत घालतात. गुलाबी छटा सोन्याच्या सूक्ष्म कणांची. काचेच्या कुपीवर हे काम अतिशय अवघड, कारण रंग वितळतो आणि कुपी मऊ पडते त्या उष्णतांत अंतर थोडे. अशी निर्दोष कुपी हीच या कलेची खरी कसोटी होय.

इतिहास : कांगशी बादशहाने (कार. १६६१–१७२२) पेकिंगच्या राजवाड्यातील कारखान्यात ही कला रुजवली. जेझुइट चित्रकार कास्तील्योने आणि धर्मोपदेशक मात्तेओ रिपा यांना तेथे मीनाचित्रणाला बसवले होते. १७१९ मध्ये फ्रेंच मीनाकार ग्राव्हरो आला. कँटनचे कारागीरही बोलावले जात. योंगजंग बादशहाच्या कारकीर्दीच्या सहाव्या वर्षी (१७२८) राजवाड्यातच नवे रंग तयार झाल्याची नोंद कारखान्याच्या दप्तरात आहे. कालनिर्णयासाठी या दप्तराइतका भरवशाचा आधार दुसरा नाही. चिएनलुंग बादशहाच्या काळातील (कार. १७३५–९६) कुप्यांवर फुलापाखरांबरोबर युरोपीय स्त्रिया व मुलेही दिसतात. कँटन आणि पेकिंग येथील काम वेगळे ओळखणे नेहमी शक्य होत नाही.

चिनी मातीच्या कुप्या : मुख्यतः चिंगदचन येथील.

संग्रह व पारख : बुडावरचा चार अक्षरी चिएनलुंग लेख म्हणजे पुरावा नव्हे, पुढच्या काळातील कुप्यांवरही तो आढळतो. भिंगाखाली आधी मान आणि बूड पाहावे. केसासारख्या भेगा, सुईच्या टोकाएवढी छिद्रे, काठाची झिजलेली गिलिट तेथेच सापडते. न भाजता रंगाने बुजवलेल्या टवक्याची चकाकी मंद असते. अतिनील दिव्याखाली तो बहुधा उठून दिसतो. काचेच्या काही कुप्यांवरील ‘गूयुएश्वान’ या लेखाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. विसाव्या शतकात पेकिंगमध्ये ये बंगची याने या धर्तीच्या कुप्या इतक्या सफाईने केल्या, की त्यांतील काही जुन्या म्हणून नामवंत संग्रहांत गेल्या. त्या स्वतंत्र कलाकृती म्हणूनही जतन करण्याजोग्या आहेत. अनेक जुन्या कुप्यांची बुचे नंतर बसवलेली असतात.

राजवाड्यातील कुप्या आज पेकिंग व तैपे येथील राजप्रासाद संग्रहालयांत आहेत. संग्राहकांची आंतरराष्ट्रीय संस्था १९६८ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. मेरी व जॉर्ज ब्लॉख यांचा संग्रह २०१० पासून हाँगकाँगमध्ये टप्प्याटप्प्याने लिलावात निघाला. त्यातील काचेच्या एका मीनाचित्रित कुपीला २०११ मध्ये अडीच कोटी हाँगकाँग डॉलरांहून अधिक किंमत आली.