बोटांची लिपि आणि स्वरांची लिपि

स्वर उमटला कीं विरला. तो पुढील पिढीच्या हातीं द्यावयाचा तर कागदावर उतरविला पाहिजे. आणि कागदावर नेमकें काय उतरवावयाचें, ह्या प्रश्नाला युरोपांतील संगीतज्ञांनीं दोन निरनिराळीं उत्तरें दिलीं. कानाला काय ऐकूं यावें तें लिहा, हें एक उत्तर. हातानें काय करावें तें लिहा, हें दुसरें. पहिल्यांतून पंचरेषांची स्वरलिपि सिद्ध झाली. दुसऱ्यांतून टॅब्लेचर नांवाची बोटांची लिपि निघाली. वाद्याच्या तारा नेहमींच्या स्वरांत लावलेल्या असतात तोंवर हा भेद फारसा जाणवत नाहीं. तारांचे स्वर बदलले म्हणजे मात्र दोन्ही लिपींची खरी कसोटी लागते.

स्वरलिपीचा पाया देवालयांतील गायनाकरितां घातला गेला. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धांत इटलींतील मठवासी ग्विदो द आरेत्सो ह्यानें रेषांची पद्धति पक्की केली; फा स्वराची रेषा तांबडी व दो स्वराची पिवळी, अशा खुणाही त्यानें ठरविल्या. पूर्वीं गायकाला जी विद्या संपादण्यास दहा वर्षें लागत, ती ह्या रीतीनें एक-दोन वर्षांत साध्य होते, असें त्याचें सांगणें होतें. पोप एकोणिसावे योहान ह्यांनीं त्याला मुद्दाम रोमास बोलावून घेतलें. ही लिपि गळ्यासाठीं होती. आणि गळ्याला तारा नाहींत, पडदेही नाहींत.

ल्यूट ह्या वाद्याची गोष्ट वेगळी. त्यावर एकच स्वर दोन-तीन तारांवर निरनिराळ्या पडद्यांशीं सांपडतो. त्यांपैकीं कोणता घ्यावा हें पंचरेषा सांगत नाहींत. म्हणून वादकांनीं ताराच कागदावर मांडल्या. सहा रेषा म्हणजे तारांच्या सहा जोड्या. रेषेवरील आंकडा म्हणजे पडदा. शून्य म्हणजे मोकळी तार. १५०७ सालीं व्हेनिस येथें ओत्ताव्यानो पेत्रुच्ची ह्यानें फ्रांचेस्को स्पिनाचिनो ह्याचीं ल्यूटवादनाचीं पुस्तकें ह्याच पद्धतीनें छापलीं. इटालियन रीतींत सर्वांत खालची रेषा ही सर्वांत उंच स्वराची तार. फ्रेंचांनीं आंकड्यांऐवजीं अक्षरें घेतलीं व उंच तार वरच्या रेषेवर ठेविली. जर्मन पद्धतींत तर रेषाच नाहींत. तींत तार व पडदा ह्यांच्या प्रत्येक जागेला स्वतंत्र चिन्ह असे. तिच्या शोधाचें श्रेय परंपरेनें न्यूरेंबर्गच्या कोनराड पाउमान ह्या जन्मांध वादकाला दिलें जातें. १४७३ त तो म्यूनिक येथें वारला.

ह्या लिपीचे गुणदोष एकाच मुळांतून निघाले. पुढला स्वर केव्हां छेडावा हें वरच्या खुणांवरून समजतें, पण छेडलेला स्वर किती वेळ धरावा हें समजत नाहीं. एकांत एक गुंफलेल्या दोन-तीन चाली डोळ्यांना निराळ्या दिसत नाहींत. उलट, तारा बदलल्या तरी वाचकाला नवीन कांहींच शिकावें लागत नाहीं. सतराव्या शतकांत फ्रेंच ल्यूटवादकांनीं तारा लावण्याच्या नव्या नव्या रीती काढल्या. १६३१ त पॅरिस येथें पियेर बालार ह्यानें तशा रचनांचा संग्रह छापला. वादकानें खुंट्या फिरवाव्या आणि लिहिल्या जागीं बोट ठेवावें, एवढेंच काम. पण तारा कशा लावाव्या ही टीप हरवली तर अक्षरें जशींच्या तशीं राहतात आणि गीत मात्र नाहींसें होतें.

आपल्याकडील तंबोऱ्याचें उदाहरण घ्या. रागाप्रमाणें पहिली तार पंचमांत किंवा मध्यमांत लावतात, हें सर्वांस ठाऊक आहे. पंडित भातखंड्यांच्या लिपींत बोटाची जागा लिहिलेली नसते, ठराविक उंचीही लिहिलेली नसते. षड्जाशीं असलेलें नातें तेवढें लिहिलेलें असतें. म्हणून गायकाचा षड्ज बदलला तरी लिखाण बदलत नाहीं. पंचरेषांना अशी मोकळीक नाहीं.

आतां ज्या कृतीमुळें हा विषय आपणां कॅथलिकांच्या विशेष जवळचा ठरतो तिच्याकडे वळूं. हाइनरिख इग्नात्स फ्रान्स बिबर ह्याचा जन्म १६४४ त बोहेमियांत झाला. १६७० त तो साल्झबुर्ग येथील आर्चबिशपांच्या सेवेंत आला व १७०४ त तेथेंच निवर्तला. आर्चबिशप मॅक्सिमिलियन गांडोल्फ ह्यांना त्यानें व्हायोलिनच्या सोनाटांचें एक हस्तलिखित अर्पण केलें. सोनाटा पंधरा, कारण जपमाळेचीं रहस्यें तेव्हां पंधराच होतीं. प्रकाशाचीं पांच रहस्यें पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं २००२ सालीं जोडलीं. प्रत्येक सोनाट्याच्या आरंभीं त्या त्या रहस्याचें छोटें चित्र आहे, आणि अखेरीस एकट्या व्हायोलिनची एक रचना असून तिच्यावर बालकाचा हात धरलेल्या रक्षक दूताचें चित्र आहे. मुखपृष्ठ गहाळ असल्यामुळें मूळ नांव समजत नाहीं. काळ सुमारें १६७६ चा मानतात. हस्तलिखित म्यूनिकच्या राज्यग्रंथालयांत आहे. तें छापून निघण्यास १९०५ साल उजाडावें लागलें.

ह्या कृतींत पहिला सोनाटा व शेवटची रचना एवढींच नेहमींच्या जुळणींत आहेत. उरलेल्या चौदांपैकीं प्रत्येकाची जुळणी निराळी. मरियेनें अलिशिबेची भेट घेतली त्या रहस्यांत खालच्या दोन तारा एकेक स्वर चढवून ए, ई, ए, ई अशा लावल्या आहेत. प्रभूच्या बागेंतील क्लेशांत ए फ्लॅट, ई फ्लॅट, जी, डी अशी जुळणी असून वाद्याचा नाद दबतो. स्वर्गारोहणांत सी, ई, जी, सी अशी जुळणी आहे आणि व्हायोलिन तुतारीचा आव आणतें.

पण लिहावें कसें? बिबरनें प्रथम जुळणी दाखविली. मग जणूं कांहीं व्हायोलिन नेहमींसारखेंच लावलें आहे असें समजून, बोटें जेथें पडावयाचीं तेथले स्वर पंचरेषांवर लिहिले. म्हणजे दिसावयास स्वरलिपि, पण काम बोटांच्या लिपीचें! वादक ओळखीचें चिन्ह पाहून ओळखीच्या जागीं बोट ठेवतो, आणि कानीं भलताच स्वर येतो. ह्या जुळणीपालटाला स्कोर्दातुरा म्हणतात.

पुनरुत्थानाच्या सोनाटांत तर मधल्या दोन तारांची अदलाबदल केली आहे. घोडीच्या मागें व माथ्याजवळ त्या एकमेकींवरून जातात आणि वाद्यावरच क्रूसाची आकृति उमटते. तारा जी, वरचा जी, डी, वरचा डी अशा होतात. म्हणून ईस्टरचें जुनें लॅटिन गीत शेजारच्या दोन तारांवर दोन सप्तकांत एकदम वाजवितां येतें. ज्याला ही अदलाबदल ठाऊक नाहीं त्याला त्या पानावर निव्वळ गोंधळ दिसेल. बिबरनें आरंभीं लिहिलेले ते चार स्वर नसते तर हा सोनाटा आज कोणालाही वाजवितां आला नसता.

पन्नासएक वर्षांनीं बाखच्या चेलोच्या पांचव्या सूटमध्यें हीच युक्ति दिसते. तेथें सर्वांत उंच ए तार जी स्वरापर्यंत उतरविली आहे.

हा प्रश्न जुन्या वाद्यांपुरता नाहीं. १९५१ त अमेरिकेंत लिओ फेंडर ह्यानें पडद्यांचा विद्युत् बास गिटार बाजारांत आणला. त्याच्या चार तारा खालून ई, ए, डी, जी. खालची तार डी पर्यंत उतरविली तर पूर्वीं तिच्या तिसऱ्या पडद्यावर मिळणारा जी आतां पांचव्यावर सरकतो. पंचरेषा वाचणाऱ्याला तेथें थांबून विचार करावा लागतो. टॅब्लेचरवाला पांचाचा आंकडा पाहून बोट ठेवून मोकळा होतो. पण तोच आंकडा तार न उतरवितां वाजविला तर जी ऐवजीं ए निघेल, आणि कानाला सवय नसेल तर चूक कळणारही नाहीं.

गोव्यांतील धर्मग्रामांच्या शाळांतून मेस्त्र मुलांना सोल्फेज घोकवून घेत व मग हातीं व्हायोलिन देत. आधीं स्वर, मग बोट, असा तो क्रम. त्या शिदोरीवर कित्येक गोवेकर वादक विसाव्या शतकांत मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत नांवारूपाला आले. समोर ठेवलेला कागद ते पाहतांक्षणीं वाजवीत.

तेव्हां श्रेष्ठ कोणती, ह्या वादांत अर्थ नाहीं. बोटांची लिपि एका वाद्यापुरती अचूक. स्वरांची लिपि सर्व वाद्यांना व गळ्यांना समान. समूहांत गावयाचें-वाजवावयाचें असेल त्यानें दुसरी शिकावीच. एकट्याच्या हाताची खुबी जपावयाची असेल तेथें पहिलीला तोड नाहीं. आपल्या गायकवृंदांतील तरुणांना एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, गिटारसाठीं कोणतेंही गीत उतरून घेतांना माथ्यावर तारांची जुळणी अवश्य लिहावी. लिहिणाऱ्याला ती पाठ असते. पन्नास वर्षांनीं ती वही उघडणाराला नसते.