दिनविशेष : ३ मार्च – साखळदंडांची शाळा

‘लीन ऑन मी’ हा चित्रपट अमेरिकेत ३ मार्च १९८९ रोजी प्रदर्शित झाला. एकेकाळी रेशमाच्या उद्योगाने नावारूपास आलेल्या, परंतु पुढे दारिद्र्याने ग्रासलेल्या न्यू जर्सीतील पॅटर्सन शहरी, मादक पदार्थांचा व्यापार आणि मारामाऱ्या यांनी पोखरलेल्या ईस्टसाइड हायस्कूलचा कारभार १९८२ साली हाती घेऊन ज्यांनी तेथे शिस्तीचा अंमल बसविला, त्या मुख्याध्यापक जो क्लार्क यांच्या कार्यावर तो आधारलेला होता. हाती कर्णा आणि बेसबॉलची बॅट घेऊन व्हरांड्यांतून फिरणाऱ्या क्लार्क यांनी सुमारे ३०० विद्यार्थ्यांना शाळेबाहेर काढले. बाहेरचे गुंड आत शिरू नयेत म्हणून दरवाजांना साखळदंड घातले, आणि त्यापायी अग्निसुरक्षेच्या कायद्याचा भंग केल्याची तक्रारही ओढवून घेतली. १९८८ साली ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ते झळकले. दिग्दर्शक जॉन ॲव्हिल्डसन. क्लार्क यांची भूमिका मॉर्गन फ्रीमन यांची, आणि तिच्यातील करारीपणा विसरता येत नाही.

तथापि या चित्रपटाचे मर्म मला त्या एका प्रसंगात जाणवते, जेथे काढून टाकलेला एक कोवळा मुलगा परत घेण्याची याचना करतो, आणि मुख्याध्यापक त्याला इमारतीच्या छपरावर नेऊन, व्यसन म्हणजे संथ आत्मघात होय, हे अत्यंत कठोर शब्दांत सुनावून अखेर पुन्हा वर्गात घेतात. उरलेल्या शेकडो मुलांनी कोठे जावे, हा टीकाकारांचा सवाल मात्र मला आजही रास्त वाटतो.