चार काठांचे कापड

कुस्कोच्या मुख्य चौकात पोहोचलो त्या सकाळी आम्हां सोळा जणांपैकी निम्म्यांची डोकी दुखत होती. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटरवर आहे. हॉटेलात पाऊल टाकताच कोकाच्या पानांचा चहा हातात ठेवतात, तरी पहिला दिवस जडच जातो. चौकाच्या कडेला दोन बायका उभ्या होत्या. लाल जाकीट, काळा चुणीदार घागरा, डोक्यावर ताटलीसारखी सपाट टोपी आणि कडेवर लामाचे पिल्लू. फोटो काढला की पैसे द्यायचे. आमच्या सहलीच्या माहितीपत्रकात 'इंकांच्या काळापासून चालत आलेला पोशाख' असे ज्या चित्राखाली छापले होते, तो हाच. मीही फोटो काढला, पैसे दिले.

बडोद्याच्या शाळेत मी तीस वर्षे इतिहास शिकवला. दक्षिण अमेरिका आमच्या वाट्याला फार तर अर्धे पान यायची : कोलंबस, पिझारो, सोने, संपले. तुपाक अमारू हे नाव ऐकून माहीत होते, पण मी जिथे लामाच्या पिल्लाचा फोटो काढत होते त्याच चौकात १८ मे १७८१ रोजी त्याला मारले, हे आमच्या गाइडने सांगेपर्यंत ध्यानात नव्हते. ती तिशीतली, चिंचेरो गावची. घरात केचुआ बोलणारी, कुस्कोत शिकलेली. तिने ती हकीकत दोन वाक्यांत उरकली आणि आम्हाला कॅथीड्रलच्या दाराकडे वळवले. कार्यक्रम भरगच्च होता.

दुसऱ्या दिवशी तिच्याच गावी गेलो. चिंचेरो कुस्कोहून उंच आहे. तुपाक इंका युपांकी या सम्राटाची ही जहागीर. त्याच्या वाड्याच्या दगडी पायावरच सतराव्या शतकाच्या सुरुवातीला चर्च उभे केले. चर्चसमोर बाजार भरतो आणि आसपासच्या अंगणांत विणकाम दाखवतात. एका बाईने कसलेसे मूळ किसून पाण्यात घुसळले, साबणासारखा फेस आला, त्यात मळकी लोकर पांढरीशुभ्र झाली. दुसरीने फड्या निवडुंगावरचे वाळके किडे तळहातावर चिरडले. गडद लाल. त्यावर लिंबू पिळले, रंग नारिंगीकडे झुकला. आपल्याकडच्या 'किरमिजी' शब्दाच्या पोटातही किडाच आहे, वेगळ्या जातीचा आणि जगाच्या दुसऱ्या टोकाचा. हे मी शेजारच्या बंगाली गृहस्थांना सांगू लागले, पण ते व्हिडिओ काढण्यात गुंतले होते.

धागे ठोकून बसवायला विणकरीण एक टोकदार हाड वापरते. ते लामाचे असते. 'जास्त घासाघीस करणाऱ्या पर्यटकाचे आहे,' ती म्हणाली आणि सगळे हसले. हा विनोद तिथल्या प्रत्येक अंगणात होतो, हे नंतर कळले.

मला गुंतवले ते मागाने. कमरेच्या पट्ट्याने ताणून धरायचा साधा माग, चार-सहा काठ्यांचा. उभा धागा दोन टोकांमध्ये अखंड फिरवलेला असतो, कुठेही तोडत नाहीत. विणकरीण एका टोकाकडून विणत जाते, मग दुसऱ्या टोकाकडूनही थोडे विणते, आणि दोन्हींच्या मधली फट इतकी अरुंद होते की शेवटचे आडवे धागे सुईने ओवावे लागतात. त्या चार बोटांना कधी अर्धा दिवस जातो. माग सोडला की हातात येते ते चारही बाजूंनी काठ असलेले कापड. आपल्या साडीला दोन काठ, पण पदराकडचे आणि आतले टोक मागावरून कापूनच काढावे लागते. इथे कात्री लागतच नाही. असे दोन पट्टे मधोमध जोडले की खांद्यावर घ्यायची यिक्ल्या होते. बाळ, बटाटे, जळण, सगळे तिच्यातच बांधून पाठीवर.

'घागरा आणि टोपीसुद्धा इंकांच्या काळची का?' मी विचारले. घागरा तर उघडच कापून शिवलेला होता. गाइड सगळ्यांसमोर म्हणाली, 'हो, आमच्या पूर्वजांचा पोशाख.' परतताना बसमध्ये ती माझ्या शेजारी येऊन बसली. 'सेन्योरा, तुम्ही शिक्षिका आहात ना? ते उत्तर गटासाठी होते.'

पुढचा तासभर ती जे बोलली, ते मी घरी परतल्यावर पुस्तकांतून पडताळून पाहिले. बहुतेक सगळे खरे निघाले.

इंकांच्या राज्यात नाणे नव्हते. सोन्याची चमक आपल्या डोळ्यांत भरते, पण त्या राज्याचा व्यवहार कापडावर चालत होता, हे जॉन मुरा या मानववंशशास्त्रज्ञाने १९६२ सालच्या एका निबंधात दाखवून दिले. सैनिकाला कापड मिळे. जिंकलेल्या मुलखाच्या सरदाराला सम्राटाकडून कापड येई. ते अंगावर घेतले की मांडलिकत्व पत्करले. कापडाची कोठारे रस्तोरस्ती होती आणि माघार घेणारे इंका सैन्य ती शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून पेटवून देई. सर्वांत तलम कापडाला कुंपी म्हणत. त्यातले काही निवडक मुली बंदिस्त वाड्यात राहून विणत. कुस्कोतल्या अशा वाड्याच्या जागी आज सांता कातालिनाचा जोगिणींचा मठ आहे. बंदिस्त बायकांची जागा बंदिस्त बायकांकडेच राहिली.

पुरुषाचा मुख्य पोशाख म्हणजे उंकू, गुडघ्यापर्यंतचा बिनबाह्यांचा अंगरखा. स्पॅनिश सत्ता आल्यावर तो संपला असेल, अशी माझी समजूत होती. तसे झाले नाही. राज्य गेले तरी इंका घराण्यांचे वंशज शिल्लक होते, बाप्तिस्मा घेतलेले, सरकारदरबारी मान असलेले. धार्मिक मिरवणुकीत ते उंकू घालून, कपाळावर मास्कापायचा हा लाल गोंड्यांचा राजचिन्हाचा पट्टा बांधून चालत. कुस्कोच्या आर्चबिशपच्या वाड्यातल्या संग्रहालयात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली कॉर्पस क्रिस्टीच्या मिरवणुकीची चित्रे आहेत, त्यांत हे दिसते. आमच्या कार्यक्रमात त्या संग्रहालयाला वीस मिनिटे होती. मी दोनच चित्रांपुढे उभी राहिले, म्हणून निदान तेवढे आठवते : विजयाच्या अडीचशे वर्षांनंतर नव्हे, पण दीडशे वर्षांनंतर तरी हरलेल्या राजाचे कपडे भर रस्त्यात मानाने मिरवत होते.

मग १७८० आले. कोरेखिदोर म्हणजे स्पॅनिश जिल्हाधिकारी. हे लोक गावकऱ्यांना जबरदस्तीने माल विकत, वाटेल त्या भावाने, आणि त्या मालात कापडही असे. दुसरीकडे ओब्राखे नावाच्या लोकरीच्या कारखान्यांत माणसे जवळजवळ कैद्यांसारखी राबत. ज्यांचे कापड एकेकाळी राज्य चालवत होते, त्यांनाच कोंडून कापड विणायला लावायचे आणि वर कापड विकत घ्यायला लावायचे. ४ नोव्हेंबर १७८० रोजी तुपाक अमारूने आपल्या भागातल्या कोरेखिदोरला पकडले. सहा दिवसांनी त्याला फाशी दिले. त्यानंतर त्याने जी पहिली मोठी कामे केली त्यांत पोमाकांचीचा कारखाना फोडणे होते. आतले कापड आणि लोकर त्याने लोकांत वाटून टाकली. हे वाचताना मला ते सम्राटाचे कापड वाटणे आठवले. त्यालाही ते आठवले असणार, कारण तो स्वतःला शेवटच्या इंकाचा वंशज म्हणवत होता.

सहा महिन्यांत तो पकडला गेला. चौकात आधी त्याच्यादेखत पत्नी मिकाएला बास्तिदास आणि थोरला मुलगा इपोलितो यांना मारले. ही मिकाएला केवळ पत्नी नव्हे, उठावाची रसद आणि हुकूमपत्रे तिच्या हातून जात. मग त्याचे हातपाय चार घोड्यांना बांधले. घोड्यांकडून ते होईना, तेव्हा शिरच्छेद केला. धाकट्या फर्नांदोला हे पाहायला लावले आणि पुढे स्पेनला धाडले.

शिक्षा सुनावणाऱ्या होसे आंतोनिओ दे अरेचेचा निकाल १५ मेचा आहे. माणसांची विल्हेवाट लावून झाल्यावर तो कपड्यांकडे वळतो. उंकू बंद. मास्कापायचा बंद. घराघरांतली इंका राजांची चित्रे काढून टाकायची. पूर्वजांची आठवण देणारी नाटके बंद, शंख फुंकणे बंद, सहीत 'इंका' लिहिणे बंद. मेलेल्या राजांच्या आणि पराभवाच्या स्मरणार्थ काही प्रांतांत लोक काळे कपडे घालत, तेही बंद. सर्वांनी स्पॅनिश रीतीचे कपडे घालावेत आणि केचुआ सोडून स्पॅनिश बोलावे. पुढच्या वर्षी गार्सिलासो दे ला वेगाच्या इंका-इतिहासाच्या प्रती गोळा करण्याचा राजाचा हुकूम निघाला. ते पुस्तक १६०९ साली लिस्बनला छापलेले. पावणेदोनशे वर्षे कोणाला त्याची भीती वाटली नव्हती.

यातली एक गाठ गाइडने मला सोडवून दाखवली. कुस्कोतली बहुतेक इंका घराणी उठावाच्या विरुद्ध, स्पेनच्या राजाच्या बाजूने लढली होती. त्यांचा सगळ्यात नावाजलेला सेनानी मातेओ पुमाकावा हा चिंचेरोचाच. सकाळी ज्या चर्चसमोर आम्ही शाली उलटसुलट करून पाहत होतो, त्याच्या भिंतीवर या विजयाचे चित्र आहे : प्यूमा सर्पाला हरवतो. केचुआत अमारू म्हणजे सर्प. कपड्यांचा हुकूम या निष्ठावंतांनाही तेवढाच लागू झाला. तेहेतीस वर्षांनी, १८१४ मध्ये, हाच पुमाकावा बंडात उतरला आणि पुढच्या वर्षी मारला गेला. 'माझी आजी त्या चित्राकडे पाठ करून बसायची,' गाइड म्हणाली, 'पण ते सावली तिकडे असायची म्हणून.'

हुकूम निघाला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी कपडे बदलले, असे अर्थात घडले नाही. स्पॅनिश घागरा, ज्याला पोयेरा म्हणतात, आणि जाकीट आधीपासूनच शिरू लागले होते. बंदीने उरलेली वाट बंद केली. पर्यटकांच्या डोक्यावर दिसणारी कानझाकणी चुयो टोपी घ्या. सुयांवरचे विणकाम स्पॅनिशांबरोबर आले. स्पॅनिशांनी मुद्दाम गावागणिक वेगळी टोपी ठरवून दिली, असेही काही गाइड सांगतात. मला ती गोष्ट जरा जास्तच नेटकी वाटते. टिकले ते काय, तर टकळी, कमरेचा माग, यिक्ल्या आणि तिच्यावरची नक्षी. अरेचेला भीती राजाच्या अंगरख्याची होती. बायकांच्या पाठीवरच्या कापडाकडे त्याने लक्ष दिले नाही.

केचुआचेही तसेच. १९७५ साली पेरूच्या सरकारने तिला अधिकृत भाषेचा दर्जा दिला. तेच वेलास्कोचे लष्करी सरकार, ज्याने तुपाक अमारूचे चित्र आपल्या पत्रकांवर छापले. तरी आमची गाइड शाळेत असताना मैत्रिणींसमोर आईशी केचुआ बोलायला लाजायची. आता पर्यटकांना आकडे शिकवते, 'हुक, इस्काय, किम्सा', आणि टाळ्या मिळवते. चिंचेरोच्याच नील्दा काल्यान्याउपा यांनी १९९६ मध्ये कुस्कोत पारंपरिक वस्त्रांचे केंद्र काढले, तेव्हा गावोगावच्या तरुण मुलींनी जुनी नक्षी टाकून दिलेली होती. म्हाताऱ्यांकडून ती पुन्हा शिकून घ्यावी लागली.

पुढे तितिकाका सरोवर ओलांडून आम्ही बोलिव्हियात, ला पाझला गेलो. तिथे गाइड बदलला. या शहराच्या बायकांची पोयेरा आणखी घेरदार, आणि डोक्यावर चक्क इंग्रजी बोलर हॅट. लादलेला घागरा इथे हक्काचा झाला आहे. रेमेदिओस लोसा १९८९ मध्ये पोयेरा नेसून बोलिव्हियाच्या संसदेत गेल्या. तशा पोशाखातली ती पहिली सदस्य. उलट बाजूही आहे. १७८१ च्या फेब्रुवारीत ओरुरो शहर उठावकऱ्यांच्या हाती गेले, तेव्हा तिथल्या गोऱ्यांनाच इंडियन पोशाख घालावा लागला. त्या वर्षी अंडीजमध्ये दोन्हीकडचे लोक एकमेकांचे कपडे उतरवत होते.

सागार्नागा रस्त्यावर एका दुकानदाराने आवाज खाली आणून मला आतल्या खोलीत बोलावले. घडीची जुनी वस्त्रे, विटलेला जांभळा, केसासारखा बारीक पट्टा. 'फार जुने,' तो म्हणाला. मला मोह झाला, खोटे कशाला बोलू. बाहेर थांबलेल्या गाइडने कोरोमाचे नाव घेतले. पोतोसीकडच्या या गावात पूर्वजांची वस्त्रे गाठोड्यांत जपतात. त्यांच्यासाठी ती वस्तू नव्हेतच, पूर्वजच त्यांत असतात. वर्षातून एकदा, मृतांच्या सणाला, ती बाहेर काढतात. १९७० आणि ८० च्या दशकांत दलालांनी त्यांतली कितीतरी पळवली. १९८८ मध्ये त्यांतली काही सॅन फ्रान्सिस्कोत जप्त झाली आणि १९९२ मध्ये गावाला परत मिळाली. सगळी मात्र नाही. मी दुकानदाराला नको म्हटले. ते कापड कुठले होते, मला माहीत नाही. त्यालाही कदाचित नसेल.

चिंचेरोला मात्र मी एक नवी यिक्ल्या घेतली होती, घासाघीस न करता. हाडाची धास्ती होतीच. बडोद्याला आणल्यावर जाऊबाई म्हणाल्या, सोफ्याच्या उशांना छान अभ्रे होतील. आमच्या वापरातल्या शिंप्याकडे ती घेऊनही गेल्या. त्याने कापड टेबलावर पसरले, चारही बाजूंनी बोट फिरवले, उलटे केले, पुन्हा बोट फिरवले. संध्याकाळी जाऊबाई ते तसेच परत घेऊन आल्या. 'म्हणतो, याला कुठे कापलेलंच नाही. तुम्हाला हवं तर घरी कापून आणा, मग शिवून देतो.'