दिवसा उडणारा परवाना

उर्दू-फारसी शायरीने पतंगाला एकच काम दिले आहे, शमेवर जळून जाण्याचे. अरबीत तो फराश, फारसीत परवाना. कुरआनच्या सूरह अल-कारिआत कयामतीच्या दिवशीच्या माणसांना विखुरलेल्या पतंगांची उपमा आहे. अत्तारच्या 'मन्तिक-उत्-तैर'मध्येही ज्योतीची खबर आणायला निघालेल्या पतंगांची गोष्ट येते. एवढा मोठा वारसा असल्यामुळे पतंग म्हटले की आपल्याला रात्र, दिवा आणि राख आठवते. पण ढोकीच्या माळावर मला सर्वाधिक दिसणारा पतंग या वारशात बसत नाही. कधीमधी तो दिव्यावर येतो, हे खरे. पण त्याचा खरा वावर भरदिवसा, गवतात असतो.

ढोकी हे धाराशिव जिल्ह्यातले तेरणा साखर कारखान्याचे गाव. प्राचीन तगर, म्हणजे आजचे तेर, इथून जवळच आहे. उसाच्या आणि सोयाबीनच्या रानांमध्ये जे बांध, गायरान आणि रेल्वेच्या कडेच्या पट्ट्या उरल्या आहेत, तिथे पावसाळ्याच्या शेवटी गवत गुडघ्याला लागते. त्यातून चालताना पायापुढून एक पांढरट पाखरू उठते, थोडे अंतर जाऊन पुन्हा गवतात बसते आणि पंख अंगाभोवती गुंडाळून घेते. जवळून पाहिले तर पुढच्या पंखांवर तांबडे ठिपके आणि बारीक काळे टिपके दिसतात. मागचे पंख पांढरे, त्यांना काळी नागमोडी किनार. पंख पसरले तर रुंदी तीन-चार सेंटिमीटर. हा युटेथेसा. त्याच परिसरात शेंदरी पंखांवर काळे ठिपके असलेला पतंग दिसला, तर तो याचा नातेवाईक अर्जिना.

मराठीत याला वेगळे नाव मी ऐकलेले नाही. गावात तो नुसता 'पाखरू', आणि त्याची पोरे 'अळी'. पुस्तकांत मात्र त्याला नावे बरीच मिळाली. 1758 मध्ये स्वीडनच्या कार्ल लिनियसने त्याला 'पुल्केला' म्हटले. लॅटिनमध्ये याचा अर्थ छोटीशी सुंदर. पण बसवले टिनिया या गटात, जिथे लोकरीचे कपडे खाणारी कसरही होती. पुढे 1777 मध्ये अॅमस्टरडॅमचा व्यापारी पीटर क्रेमर याच्या ग्रंथात अशाच एका पतंगाला 'लोट्रिक्स' हे नाव मिळाले, म्हणजे धुणे धुणारी बाई. हे दोन पतंग एक की वेगळे, यावर गोंधळ पुढे दीडशे वर्षे टिकला. नीलगिरीत चहाचा मळा करणारे जॉर्ज हॅम्पसन यांनी 1892 ते 1896 दरम्यान भारतातल्या पतंगांवर चार खंड लिहिले. पण जुन्या लिखाणात या दोघांसाठी बहुतेक वेळा 'पुल्केला' हे एकच नाव वापरलेले आढळते. 1939 मध्ये कार्ल जॉर्डन यांनी या गटाची बारकाईने छाननी केली. आज दोन्ही जाती वेगळ्या मानतात आणि दोन्ही भारतात आहेत. म्हणून नुसत्या फोटोवरून जातीचे नाव ठामपणे सांगू नये, असे मला वाटते.

मग ओळखायचे कशावरून? मी आधी झाड पाहतो. आपल्याकडे ज्याला खुळखुळा किंवा घागरी म्हणतात, वाळलेली शेंग हलवली की आत बिया वाजतात, त्या झाडावर याची अळी वाढते. शेतातला ताग त्याच कुळातला. मादी पानावर अंडी घालते. अळी काळसर, अंगावर पांढऱ्या रेषा, तांबूस ठिपके आणि विरळ केस. ती पाने खाते, मग शेंगेला भोक पाडून आतले दाणे खाते आणि कोष करायला पानांच्या पाल्यात किंवा जमिनीजवळ जाते.

या दाण्यांत विष असते. 1975-76 च्या सुमारास त्या वेळच्या मध्य प्रदेशातल्या सरगुजा भागात गोंदली या बारीक धान्यात खुळखुळ्याच्या बिया मिसळल्या गेल्या. ते धान्य खाणाऱ्यांच्या यकृतातल्या शिरा बंद पडल्या, पोटात पाणी झाले आणि अनेक जण दगावले. माणसाला मारणारे हेच विष अळी अंगात साठवते. पतंगाचे पांढरे-तांबडे अंग म्हणजे पक्ष्यांना दिलेली सूचना आहे, म्हणूनच तो दिवसाढवळ्या उडू शकतो. याच्या अमेरिकी भावंडावर कॉर्नेल विद्यापीठात टॉमस आयस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षे काम केले. असा पतंग जाळ्यात सापडला तर कोळी स्वतःच दोरे तोडून त्याला सोडून देतो, हे त्यांनी दाखवले. नर त्याच विषापासून आपला गंध बनवतो आणि मादी त्या गंधावरून जोडीदार निवडते. पुढे आई आणि बाप, दोघेही विषाचा वाटा अंड्यांना देतात. शायरीतला परवाना आगीत संपतो. हा विष पचवतो आणि वारसा म्हणून पुढे ठेवतो.

शेतीच्या पुस्तकांत याची नोंद तागावरची कीड एवढीच आहे. बियाण्यासाठी ताग धरला असेल तर ती नोंद योग्यच, कारण अळी शेंगा पोखरते. पण आपल्या भागात ताग बहुधा हिरवळीच्या खतासाठी पेरतात आणि फुलावर येताच, सुमारे दीड महिन्यात, जमिनीत गाडतात. जे पीक गाडायचेच आहे, त्याच्या पानांना चार भोके पडली म्हणून फवारणी कशाला? तो खर्च आहे आणि औषधही आपल्याच मातीत जाते.

मला जास्त काळजी बांधांची वाटते. तागाला शेंगा येण्याआधीच तो गाडला जातो. त्यामुळे दाण्यांसाठी या पतंगाला बांधावरचा रानटी खुळखुळाच उरतो आणि तणनाशकाचा पंप आधी तिथेच फिरतो. गायराने आक्रसत आहेत, बांध कोरले जात आहेत. ज्याला आपण नावही दिले नाही, ते गेले तरी कोणाच्या लक्षात येणार नाही.

येत्या आश्विनात बांधावर खुळखुळा दिसला, तर एक हिरवी शेंग उजेडात धरून बघा. तिला बारीक गोल भोक असेल, तर आत अळी असू शकते. मग ती शेंग तिथेच राहू द्या.