दहा किलोमीटरची सायकल टाइम ट्रायल: दम कुठे राखायचा, कुठे लावायचा?

सायकलच्या नेहमीच्या शर्यतीत सगळे एकदम सुटतात. टाइम ट्रायलमध्ये स्पर्धकांना ठरावीक अंतराने एकेक करून सोडतात. पुढच्याच्या मागे राहून वारा चुकवायला बंदी असते. ठरलेलं अंतर जो सर्वांत कमी वेळात कापेल, तो जिंकतो. जानेवारी २०२६ मधली पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत अशाच एका छोट्या टाइम ट्रायलने सुरू झाली. अशा सुरुवातीच्या टप्प्याला प्रोलॉग म्हणतात.

सुरुवातीलाच वेळ का जातो?

सुटताना पाय ताजे असतात आणि उत्साह भरपूर असतो. पहिल्या मिनिटात कितीही जोर लावला तरी त्रास जाणवत नाही, कारण स्नायू साठवलेली ऊर्जा वापरत असतात. श्वास आणि हृदयाचे ठोके नंतर वाढतात. तोवर जास्त जोर लागला असेल, तर तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला पाय जड होतात आणि मग उरलेलं अंतर रेटावं लागतं.

म्हणून दहा किलोमीटरची साधी विभागणी अशी:

- पहिले २ किमी: ‘अजून जोर लावता येईल’ असं वाटत राहायला हवं.
- पुढचे ६ किमी: दोन-तीन शब्दांपेक्षा जास्त बोलता येऊ नये, पण लय तुटू नये.
- शेवटचे २ किमी: राखलेलं सगळं बाहेर काढायचं.

लोणंद–फलटण रस्त्याचं उदाहरण

लोणंदहून तरडगावमार्गे फलटणला जाणारा पालखी मार्ग पूर्वेकडे जातो. पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. त्यामुळे जाताना तो पाठीशी असतो आणि परतताना तोंडावर.

समजा, ५ किमी जाऊन वळायचं आहे. जाताना वेग ताशी ३६ किमी, येताना २८. जायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात, यायला १० मिनिटं ४३ सेकंद. आता जाताना वेग ताशी १ किमीने वाढवला, तर सुमारे १४ सेकंद वाचतात. तेवढाच वेग परतताना वाढवला, तर सुमारे २२ सेकंद. जिथे वेग कमी, तिथे जास्त वेळ जातो, म्हणून तिथेच वेळ वाचवायलाही जास्त वाव असतो. चढालाही हेच लागू पडतं. म्हणून वाऱ्याविरुद्ध आणि चढावर जोर किंचित वाढवायचा, पाठीशी वारा असताना किंवा उतारावर किंचित कमी करायचा.

वाकून बसण्याने काय होतं?

वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. त्यामुळे कोपर आत, डोकं खाली आणि पाठ आडवी ठेवण्याचा मोठा फायदा मिळतो. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये ग्रेग लेमाँड शेवटच्या दिवशी ५० सेकंदांनी मागे होता. २४.५ किमीच्या टाइम ट्रायलमध्ये कोपरं टेकवता येणारं खास हँडल वापरून त्याने ही पिछाडी भरून काढली आणि अवघ्या ८ सेकंदांनी टूर जिंकली. मात्र अशी बैठक आधी सरावात अंगवळणी पडायला हवी. डोकं खाली असलं तरी नजर रस्त्यावरच हवी.

आधीची तयारी

- आदल्या दोन दिवसांत थकवणारा सराव नको. हलकी सायकल पुरे.
- जेवण किंवा नाश्ता दोन-तीन तास आधी, रोजच्या सवयीचाच.
- शर्यत जितकी छोटी, तितकं अंग तापवणं महत्त्वाचं. १५-२० मिनिटं हळूहळू वेग वाढवावा आणि मध्ये दोन-तीन छोट्या जोरकस फेऱ्या घ्याव्यात.
- टायरमधली हवा, ब्रेक आणि चेन आदल्या दिवशीच तपासावी. नवे बूट किंवा नवी सीट शर्यतीच्या दिवशी वापरू नये.

वाहतूक सुरू असलेल्या रस्त्यावर एकट्याने वेळ मोजायची असेल, तर हेल्मेट घालून उजाडल्यावर लवकर निघावं. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांपासून लांब राहावं. वळताना घड्याळ विसरून थांबावं आणि मागे-पुढे पाहूनच वळावं. तिथे गेलेले पाच सेकंद पुढच्या वेळी भरून काढता येतात.

प्रगती पाहायची असेल, तर महिन्याभराने त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, साधारण तसाच वारा असताना पुन्हा वेळ घ्यावी. जाण्याची आणि येण्याची वेळ वेगवेगळी लिहून ठेवावी. जाण्याची वेळ सुधारली पण येण्याची बिघडली असेल, तर दम अजूनही सुरुवातीलाच खर्च होतो आहे.